केळीच्या ओल्या पानातल्या गोळ्या

आमच्या हरारच्या असमद्दीन दरवाज्याबाहेर जिमाचा, म्हणजे नशेसाठी चघळायचा पाला विकणाऱ्या बायांची रांग बसते, आणि त्या अख्ख्या रांगेत पाला न चघळणारी बाई एकच होती. जैतूना. हलवायाला गोडाची शिसारी येते म्हणतात, पण हलवाई ती गिऱ्हाइकासमोर बोलून दाखवत नाही. जैतूना दाखवायची. पेंडी हातात ठेवता ठेवता म्हणायची, "घे, चर. तुझ्यापेक्षा माझी शेळी शहाणी. ती चघळून झाल्यावर देश कसा चालवायचा ते सांगत बसत नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. दुपारची नमाज झाली की आमच्या गावातले निम्मे पुरुष एका गालाने फुगतात. गालात तो हिरवा लगदा, ओठांच्या कोपऱ्यात हिरवा फेस, दातांच्या फटीत देठांचे धागे. मग बोलायला लागतात, आणि बोलताना समोरच्याच्या अंगावर त्याचे शिंतोडे. मी त्या रांगेच्या शेवटी भाजक्या शेंगा विकते. पाल्याबरोबर शेंगा लागतात, म्हणून माझं पोट त्या लगद्यावरच चाललं आहे. पण संध्याकाळी त्यांच्या बैठकीतून थुंकीचे डबे रिकामे करायला बाहेर आणतात, तेव्हा मी अजून तोंड फिरवते. इतकी वर्षं झाली, सवय होत नाही.

जैतूना डोंगरातली. बापाची झाडं होती, आई पाला बांधायची. आईने तिला एकच शहाणपण दिलं होतं: पाला म्हणजे बाळंतीण, त्याला ऊन नको, वारा नको, ओल हवी. जैतूनाने ते इतकं मनावर घेतलं की तिच्या हाताखालून कोरडं काही सुटायचं नाही. केळीच्या पानात पेंडी, पानावर ओलं पोतं, पोत्यावर घटकेघटकेला पाण्याचा शिपका. कोथिंबीर, मेंदी, धाकटीच्या शाळेतली खाऊची पोळी, सगळं ओल्या फडक्यात. तिच्या घरचं मीठसुद्धा ओलं असायचं. मी एकदा म्हटलं, "पोरी, नवऱ्यालाही शिपका मारतेस का सकाळ-संध्याकाळ?" तर म्हणाली, "त्याला कशाला, तो आधीच सादळलेला आहे."

नवरा बेद्री. पाल्याच्या ट्रकवर बांधाबांध करायचा आणि उरलेल्या वेळात बैठकीत भिंतीला टेकून बसायचा. माझं त्याच्याबद्दल मत चांगलं नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले, गाल फुगलेला, सदऱ्यावर पुढे कायम हिरवा ओघळ. चार पोरं झाली त्याला, ती कशी झाली याचं मला नवल वाटायचं.

चौथीच्या वेळी जैतूना मरता मरता वाचली. पोरगी झाली, पण रक्त थांबेना. खाटेवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून उंबऱ्यापर्यंत. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दार उघडलं तर रक्त दारातून बाहेर माझ्या चपलांपाशी आलं. बेद्रीने तिला सोमालींच्या बाजूला निघालेल्या पाल्याच्या ट्रकवर घातलं, पेंड्यांच्या ढिगावर, आणि ट्रक दवाखान्याकडे वळवायला लावला. मालक रडत होता, बाईसाठी नाही, पाला उशिरा पोचणार म्हणून. तिथल्या डॉक्टरने तिला नंतर तोंडावर सांगितलं: पुढच्या खेपेला जिवंत परत जाशील असं समजू नकोस.

त्यानंतर ती तीन-तीन महिन्यांची सुई घ्यायची. मग एका वर्षी पाल्याची गर्दी होती, सुईचा दिवस गेला, आणि दिवस गेले.

मला हे कळलं ते तिच्या तोंडावरून. म्हणजे खरोखरच तोंडावरून.

भर दुपार, गिऱ्हाइकांची झुंबड, आणि जैतूना गप्प. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला तरी नुसती मान हलवते. पेंडी देते, पैसे घेते, शिवी देत नाही. शिंपी आबा गुतू तिचं रोजचं गिऱ्हाईक, शिव्या खायला म्हणूनच तिच्याकडून पाला घेणारा. तो मला म्हणाला, "आयो शम्सी, हिच्या तोंडाला कुलूप कुणी लावलं? त्या माणसाला जरा माझ्या घरी पाठव."

मग त्याने वाकून नीट पाहिलं आणि खूश झाला. "अरे, गाल बघा हिचे. शेवटी आमच्या शेळीने पाला धरला."

सगळे हसले. जैतूनाने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की दुसरा कुणी असता तर पेंडी टाकून पळाला असता. मी मात्र हसले नाही, कारण मी म्हातारी असले तरी आंधळी नाही. पाला चघळणारा माणूस एकच गाल भरतो, आणि त्याच गालाने जन्मभर चघळतो. हिचे दोन्ही गाल भरलेले. आणि पालेवाल्याच्या ओठाला हिरवं लागतं. हिच्या ओठांच्या कोपऱ्यातून खडूसारखं पांढरं गळत होतं आणि ती ते ओढणीने टिपत होती.

गालात धरून विरघळवायच्या पांढऱ्या गोळ्या कशाच्या असतात हे आमच्या रांगेत कुणाला ठाऊक नाही? मी माझी टोपली तिच्या शेजारी सरकवली आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे वळवायला लागले. "तिचा दात सुजला आहे," मी म्हटलं. "बोलू नका तिच्याशी, शेंगा घ्या."

थोड्या वेळाने ती उन्हात थरथरायला लागली. दात वाजत होते. मी शाल टाकली तर शाल थरथरायला लागली. मग तिने पोट धरलं आणि दरवाज्याजवळच्या मोरीकडे धावली.

त्या मोरीबद्दल काय सांगू. पत्र्याचं दार, आत दोन फरशा आणि मधे भोक, भिंतीवर आजवर कुणी पाणी मारलेलं नाही. माशा इतक्या की त्या बाहेर पडल्याशिवाय माणूस आत जाऊ शकत नाही. मी नाकाला पदर लावून दार धरून उभी राहिले, कारण कडी मोडलेली.

"आयो, आहेस का?" आतून आवाज आला.

"आहे. श्वास रोखून आहे."

"जुलाब थांबत नाहीत गं."

"जुलाब का? रक्त नाही?"

"थोडंसं." मग ओकल्याचा आवाज. मग पुन्हा: "दात सुजलाय म्हणालीस ना तू?"

"मग काय म्हणू?"

"काही नाही. आबा गुतू आता लवंग घेऊन येईल बघ."

तो आलाच. मी लवंग घेतली आणि त्याला हाकलला.

त्या पत्र्याच्या दाराआडून तिने मला सगळं सांगितलं. गोळ्या शुकरीकडून घेतल्या होत्या. हा शुकरी ट्रकवाल्यांबरोबर पलीकडून माल आणायचा: कंगवे, मोबाईलच्या बॅटऱ्या, अत्तर, पुरुषांसाठी ताकदीची भुकटी आणि बायांसाठी पोट पाडायच्या या गोळ्या. त्याला पाहिलं की मला आंघोळ करावीशी वाटते. करंगळीचं नख वाढवलेलं, नखात हिरवा मळ, आणि त्याच नखाने तो दात कोरतो, त्याच नखाने गोळ्यांचं चंदेरी पाकीट फाडतो. पाकीट कधी कुणाला देत नाही. गोळ्या सुट्या काढून तळहातावर ठेवतो, तो तळहातही थुंकी लावून नोटा मोजलेला, आणि रिकामं पाकीट स्वतःच्या खिशात. नाव छापलेलं पाकीट बाईच्या घरी सापडलं तर माग त्याच्यापर्यंत येईल ना. जैतूनाने विचारलं होतं, पुढे काय होईल? तो म्हणाला, "काय व्हायचंय? गालात धर, मोकळी हो." थंडी भरेल, ताप येईल, जुलाब होतील, कळा येतील, किती रक्त जाणं ठीक आणि किती गेलं की धावायचं, यातलं अक्षर नाही. आणि जाताना तिचा गाल चिमटून गेला.

"त्याच गालात ठेवल्या मी," ती आतून म्हणाली, आणि पुन्हा ओकली.

मी म्हटलं, दवाखान्यात का नाही गेलीस? तर दवाखान्याच्या ओसरीवरचा बाक रस्त्याकडे तोंड करून आहे आणि रस्त्यापलीकडे पाल्याचे ट्रक भरतात. तिथला प्रत्येक हमाल तिला ओळखतो. "त्या बाकावर बसले की संध्याकाळच्या बैठकीत माझ्या पोटाची चर्चा, लगदा चघळत. तो लगदा त्यांच्या तोंडात आणि माझं नाव त्या लगद्यात. त्यापेक्षा ही मोरी बरी."

दोन दिवस थोडा लाल डाग पडला. कापडाची मोठी घडीसुद्धा लागली नाही. तेवढ्या घड्याही तिने उकिरड्यावर टाकल्या नाहीत, धुऊन वाळवल्या. आमच्याकडे रात्री तरस येतात आणि उकिरड्यातली रक्ताची वस्तू उचलून भलत्याच्याच दारात नेऊन चाटत बसतात. मग सकाळी सगळी गल्ली ती कुणाची याचा हिशेब लावते. तरसाला लाज नसते, आणि गल्लीला तर त्याहून नसते.

"झालं बघ आयो," ती मला म्हणाली. "एवढंसं तर होतं." आणि रांगेत परत तिचा आवाज सुरू झाला. आबा गुतूला तिने लवंगेवरून आठवडाभर धुतला.

मग एका सकाळी मी शेंगा भाजायला घेतल्या. तो वास वाऱ्याने तिच्याकडे गेला, आणि ती उठून माझ्या चुलीमागेच ओकली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. पहिल्या चारही खेपांना तिला माझ्या भाजक्या शेंगांच्या वासाने असंच झालं होतं. ती खाली बसली आणि पाठ भिंतीला टेकवली. तोंड पुसायचंही भान नव्हतं.

"आयो, मी मरणार," ती म्हणाली. चिडून नाही, रडूनही नाही. भाव सांगावा तसं.

"दवाखान्यात चल."

"त्या बाकावर नाही बसणार."

"तू बसू नकोस. मी बसते."

आता चहाड्या करण्यात माझं नाव मोठं आहे, हे मी नाकारत नाही. या गावात एखादी गोष्ट अजानच्या आधी सगळीकडे पोचवायची असेल तर लोक ती मला खाजगीत सांगतात. पण चहाडीचा एक गुण असतो, तो फार थोड्यांना कळतो. लोकांना चघळायला तोंडभर काही दिलं की दुसऱ्या घासाकडे ते बघत नाहीत. मी आबा गुतूला बाजूला घेतलं आणि डोळे खाली घालून म्हटलं, "आबा, कुणाला सांगू नका. माझी लघवी राहत नाही हो. शिंकले तरी जाते. बसल्या जागी पोतं ओलं होतं. ती जैतूना बिचारी मला धरून दवाखान्यात नेते आहे."

आबा गुतूचा चेहरा असा झाला जसा त्याच्या तोंडात शेंगेऐवजी झुरळ आलं. त्याने हातातल्या माझ्या शेंगांकडे पाहिलं, आणि हळूच त्या खाली ठेवल्या.

संध्याकाळपर्यंत काम झालं. दुसऱ्या दिवशी मी जैतूनाच्या खांद्यावर भार टाकून, पाय फाकवून, सगळ्या रस्त्याने कण्हत दवाखान्यात गेले. बाकावर ऐसपैस बसले. पलीकडचे हमाल माझ्याकडे बोट दाखवून नाक मुरडत होते. जैतूनाकडे एकाचंही लक्ष नव्हतं. ती ओढणीआडून पुटपुटली, "आयो, जरा कमी कण्ह. बाळंत होते आहेस असं वाटतंय."

आत सिस्टर येश्शी होती, उंच, कमी हसणारी, अदिस अबाबाकडची. "कोण पेशंट?" तिने विचारलं.

"मी," मी दाराकडे तोंड करून ओरडले, मग दार लावून घेतलं. "ही."

सिस्टरने जैतूनाला तपासलं, मशीन लावून पाहिलं, आणि सांगितलं की पोटात आहे तसंच आहे, अजून अडीच महिनेही भरलेले नाहीत. जैतूनाने भिंतीकडे तोंड केलं.

"गोळ्या कशा घेतल्या होत्या?"

"गालात. दोन्ही गालांत. गिळल्या नाहीत, अर्धा तास धरल्या, मग पाण्याने उतरवल्या. बायांनी सांगितलं होतं तसंच."

"कुठे ठेवल्या होत्या त्याआधी?"

"नीट ठेवल्या होत्या," जैतूना जरा रागाने म्हणाली. तिच्या धंद्याबद्दल कुणी शंका घेतली की ती असंच बोलते. "केळीच्या पानात बांधून, टोपलीच्या तळाशी, पाल्याच्या खाली. सकाळ-संध्याकाळ शिपका मारत होते. कडक ऊन होतं, वाळू दिल्या नाहीत."

सिस्टर येश्शीने टेबलावरचा कापूस उगाचच इकडून तिकडे ठेवला.

"किती दिवस?"

"आठवडा. घरात एकटी मिळायची वाट बघत होते. शेवटी म्हटलं, बाजारातच घेते."

"या गोळ्यांना ओल लागली की त्या मरतात. म्हणून तर प्रत्येक गोळी चंदेरी पाकिटात वेगळी बंद असते. पाकीट फुटलं, हवा लागली, दमट झाली की आतलं औषध जातं. उरतो तो खडू, आणि थोडासा जोर. तेवढ्या जोराने तुला थंडी भरली आणि जुलाब झाले. बाकीचं काम झालंच नाही."

जैतूना तिच्याकडे बघत राहिली. "ओल लागून मेल्या?"

"हो."

"ओल लागून काही मरतं का, सिस्टर?"

मला सांगायला हवं की त्या क्षणी मलाही सिस्टरचंच डोकं फिरलंय असं वाटलं. आमच्या रांगेत जन्म काढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, नाजूक वस्तू कशी टिकवायची. सगळ्या एकच सांगतील. आमच्यात वाळणं म्हणजेच मरणं.

"आणि ज्याने तुला त्या सुट्या दिल्या," सिस्टर म्हणाली, "त्याच्या हातात असतानाच त्या अर्ध्या मेल्या असतील."

मला त्याचा तो तळहात आठवला आणि मी माझेच हात पदराला पुसले.

मग सिस्टरने मागच्या बाळंतपणाचं विचारलं. जैतूनाने उंबऱ्यापर्यंत गेलेलं रक्त सांगितलं. सिस्टर म्हणाली, "मग कायदा तुला अडवत नाही. ज्या बाईच्या जिवाला धोका आहे तिला आम्ही परत पाठवत नाही. पण घरी नाही, आणि बाजारात तर मुळीच नाही. इथे, माझ्या डोळ्यांसमोर."

तिने दोन्ही वाटा सांगितल्या, नळीने रिकामं करायची आणि गोळ्यांची. नळीचं नाव काढताच जैतूनाने मान हलवली. तर सिस्टरने तिथल्या तिथे पाकीट फोडून एक गोळी गिळायला दिली. ही पोट धरून ठेवणारा जोर काढते, म्हणाली, आज फारसं काही होणार नाही, मळमळ वाढेल. एक दिवस सोडून परत ये, मग गालातल्या. आणि तिने एकेक करून सांगितलं, मजुराला काम समजवावं तसं. कळा येतील, पाळीपेक्षा पुष्कळ जास्त, त्यावर गोळी देईन. थंडी भरेल, अंग तापेल, ओकशील, जुलाब होतील, ते काही तासांत जाईल, त्याला भ्यायचं नाही. गाठी पडतील, लिंबाएवढ्यासुद्धा. मग पाळीसारखं एक-दोन आठवडे जात राहील. "पण तासाला दोन मोठी पॅडं भिजायला लागली आणि पुढच्या तासालाही तसंच झालं, चक्कर आली, किंवा दुसऱ्या दिवशीही ताप राहिला, घाण वासाचं जायला लागलं, तर तशीच उठून इथे यायचं. बाकावर कोण बसलंय ते बघायचं नाही."

"बाकावर ही बसेल," जैतूनाने माझ्याकडे बोट दाखवलं.

ठरल्या दिवशी आम्ही परत गेलो, मी परत कण्हत. सिस्टरने तिच्या समोर पाकीट फोडलं, कोरड्या हाताने, आणि दोन-दोन गोळ्या दोन्ही गालांत ठेवायला लावल्या. म्हणाली, बोलू नकोस. आणि मग मला जन्मात एकदाच मिळणारी चैन मिळाली: जैतूना समोर बसलेली आणि तिला उत्तर देता येत नव्हतं. मी तिला सगळं सुनावून घेतलं. तिच्या शेळीने माझ्या शेंगा खाल्ल्या त्याबद्दल, मला सादळलेली म्हातारी म्हणाली त्याबद्दल, तिच्या लग्नात मला मांसाचा बारका तुकडा वाढला त्याबद्दल. तिचे डोळे आग ओकत होते आणि ओठांतून पांढरं गळत होतं. मला जरा दया आली, पण मी थांबले नाही.

थुंकी गिळून तोंड मोकळं झालं तेव्हा तिचा पहिला शब्द होता, "चेटकीण." मग तिला थंडी भरली.

बादली, तिच्यातला तो वास, लोखंडासारखा आणि आंबट. ओकलेलं, जुलाब, घाम, भिजलेली पॅडं. मी बाहेर जाऊन एकदा ओकून आले, आणि बाकावरची माणसं म्हणाली, बघा, म्हातारीचं आता वरूनही जातंय. आत आले तर गाठी पडायला लागल्या होत्या आणि रक्त वाढलं होतं. सिस्टर येश्शी एक पॅड बघायची, घड्याळ बघायची, पोटावर हाताने दाबून बघायची. मग तिने दोन सुया भरून शेजारी ठेवल्या.

जैतूनाने डोळे मिटले होते. ओठ पांढरे. तिने माझं मनगट धरलं आणि विचारलं, "आयो, दारापर्यंत गेलं का?"

मी दाराकडे पाहिलं. लादी कोरडी होती. मी खाली वाकून, गुडघे मोडून, खाटेखालीही पाहिलं. "नाही गं. खाटेखालीसुद्धा नाही."

"खोटं बोलू नकोस. तू खोटारडी आहेस."

"सिस्टर, सांगा हिला."

"दारापर्यंत नाही," सिस्टर म्हणाली. "आणि जाणारही नाही."

तिने त्यातली एक सुई दिली, पोट चोळलं, आणखी एक पॅड पाहिलं. ते आधीच्याइतकं भिजलं नव्हतं. पुढचं त्याहून कमी. ऊन खिडकीतून उतरून भिंतीवर गेलं तोवर जैतूना पाणी मागायला लागली होती आणि पाणी कोमट आहे म्हणून तक्रार करायला लागली होती. सिस्टर येश्शीने ती भरून ठेवलेली दुसरी सुई तशीच टाकून दिली, आणि तेव्हा मला कळलं की तीही घाबरली होती.

आठ-दहा दिवसांनी जैतूना रांगेत परत बसली, जरा ओढलेली. दवाखान्यात पुन्हा मशीन लावून पाहिलं, रिकामं होतं. इकडे माझ्या शेंगांचं दिवाळं. गिऱ्हाईक यायचं, माझ्या बसायच्या पोत्याकडे बघायचं आणि पुढे जायचं. हिरवा फेस गाळणारी, सदऱ्याला हात पुसणारी माणसं, त्यांना माझी किळस येत होती. बेद्रीसुद्धा दुसरीकडून शेंगा घ्यायला लागला.

आणि मग शुकरी आला.

बाजार भरलेला होता. रांगेच्या टोकाला डोंगरातली एक कोवळी पोरगी, पाठीवर लाकडाची मोळी, डोळे खाली. शुकरी तिच्याजवळ उभा राहून त्याच नखाने पाकीट फाडत होता. गोळ्या तळहातावर. त्याने शेजारणीच्या टोपलीतून केळीच्या पानाचा तुकडा ओढला, ओला, पाणी ठिबकणारा, आणि त्यात गोळ्या बांधायला लागला. कदाचित आपण फार काळजीवाहू आहोत असं त्याला वाटलं असेल.

जैतूना उठली. मी तिची ओढणी खेचली. "खाली बस," मी म्हटलं. "एवढं सगळं केलं ते कशासाठी?" कारण तिने तोंड उघडलं असतं तर सगळं गेलं असतं, तिचं नावही आणि माझी लघवीही. तिलाही ते कळलं होतं. पण ती खाली बसली नाही, हातात पाण्याचं टमरेल.

मग ते टमरेल तिने शुकरीच्या तळहातावर रिकामं केलं.

"विक आता," ती म्हणाली. मग रांगेकडे वळली, आणि भाव सांगायच्या आवाजात, त्या दरवाज्याच्या कमानीखाली घुमेल अशा आवाजात बोलली. "मी खाल्ल्या होत्या याच्या गोळ्या. इथे बसून, याच गालात. दात-बित सुजला नव्हता, आबा गुतू. थंडी भरली, जुलाब झाले, त्या मोरीत मी आतडी ओकली, आणि पोटातलं जिथल्या तिथे राहिलं. कारण यांना ओल चालत नाही. पाला नाही हा. बंद पाकिटातून, कोरड्या हाताने, आणि सिस्टर येश्शीच्या समोर घ्यायच्या. मागच्या खेपेला माझं रक्त उंबऱ्याबाहेर गेलं होतं, ते तुम्ही सगळ्यांनी ओलांडलं आहे. पोरी, तू टाक ते. चल माझ्याबरोबर."

एक गाल चघळायचा थांबला, मग दुसरा. शुकरी काहीतरी बरळला आणि ट्रककडे निघाला. बायांनी त्याला वाट दिली नाही. त्याला मोरीच्या बाजूने जावं लागलं.

त्या दुपारी बैठकीत बेद्रीला माणसांनी घेरलं, हे मला नंतर कळलं. बायको काय काय करते आणि नवरा भिंतीला टेकलेला, असं कुणीसं म्हणालं. बेद्रीने बोट घालून गालातला लगदा बाहेर काढला, डब्यात टाकला, आणि म्हणाला, "उंबऱ्यावरचं रक्त मी पुसलं होतं. तुमच्यातलं कोण आलं होतं फडकं घेऊन?" मग नवा पाला गालात भरला. सदऱ्यावरचा ओघळ तसाच. पण तेव्हापासून मी त्याच्याबद्दल थोडं कमी वाईट बोलते.

जैतूना त्या पोरीला दवाखान्यात सोडून परत आली आणि माझ्याजवळ उभी राहिली. सगळे बघत होते. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आणि ऐका," ती म्हणाली, "या आयो शम्सीची लघवी ठणठणीत आहे. माझ्यासाठी खोटं बोलली ती. घ्या तिच्या शेंगा."

आबा गुतूने मान हलवली, डोळे पुसले, आणि शेजारच्याला हळू आवाजात, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाला, "किती मोठ्या मनाची बाई आहे बघा ही जैतूना. म्हातारीची लाज राखते आहे."

आणि जाताना त्याने माझ्या टोपलीपासून दोन पावलं लांबून वळसा घेतला.